न झालेल्या जखमेचा इतिहास
(गिरीज येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय 'परिचर्येची मूलतत्त्वे'. विषय हॉस्पिटलचा, आणि बोलायला उभा केला आहे तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर. यातली गंमत आम्हाला कळते. इंजेक्शन कसे द्यावे, सलाईनचे थेंब कसे मोजावेत हे आम्ही सांगणार नाही. ते सांगू शकणाऱ्या कितीतरी जणी समोरच बसल्या आहेत. वसईच्या या पट्ट्यात अशी आळी शोधून सापडायची नाही, जिथे एकही सिस्टर नाही. पहाटेची विरार लोकल पकडून मुंबईच्या हॉस्पिटलांत ड्यूटीला जाणाऱ्या बायका इथल्या घराघरांनी पाहिल्या आहेत. आम्ही एवढेच करू शकतो, की त्यांच्या हातांना जे माहीत आहे, त्यामागचा विचार कुठून आला आणि कसा बदलत गेला, ते मांडायचे.

सुरुवातीलाच एक अडचण आहे. इतिहास लिहिला जातो तो घडलेल्या गोष्टींचा. लढाई झाली, शस्त्रक्रिया झाली, नवे औषध सापडले, की नोंद होते. परिचर्येचे यश मात्र बहुतेक वेळा न घडलेल्या गोष्टीत असते. म्हातारा पेशंट रात्री पलंगावरून पडला नाही. टाक्यांत पू झाला नाही. महिनाभर अंथरुणाला खिळूनही पाठ सोलली नाही. आता सांगा, न झालेल्या जखमेची नोंद कोण करणार? आपल्या देशात ती नोंद एकदा झाली, तीही थेट सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात. आज आपल्याला तिथपर्यंत पोहोचायचे आहे.

शब्दांपासून सुरुवात

आपल्याकडे या कामाला जुना शब्द आहे 'शुश्रूषा'. संस्कृतात 'श्रु' म्हणजे ऐकणे. त्या धातूचे इच्छा दाखवणारे रूप म्हणजे शुश्रूषा. मूळ अर्थ, ऐकण्याची इच्छा. आजाऱ्याची शुश्रूषा करणे म्हणजे आधी त्याचे ऐकणे. दुसरा शब्द 'परिचर्या', म्हणजे भोवती वावरणे. डॉक्टर येतो, तपासतो, जातो. परिचारिका भोवती असते.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात उपचाराचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. परिचारकाचे गुणही चार. शुश्रूषेचे ज्ञान, हाताचे कौशल्य, रुग्णाविषयी ममता आणि स्वच्छता. या क्रमाला फार अर्थ चिकटवायला नको, कारण श्लोक रचणाऱ्याला वृत्ताचीही सोय पाहावी लागते. पण एवढे नक्की, की ममता एकटी पुरेल असे त्या ग्रंथाला वाटले नाही. तिच्याबरोबर ज्ञान, कौशल्य आणि स्वच्छताही मागितली. म्हणजे नुसते 'चांगले मन' म्हणजे परिचर्या नव्हे, हे आपल्याकडे फार पूर्वीच कुणीतरी ओळखले होते.

वसईच्या किल्ल्यातली चौदा कामे

आता आपल्या गावाजवळ येऊ. वसई १५३४ साली पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी ती जिंकली. मधल्या दोनशे वर्षांत किल्ल्यात 'मिझेरिकॉर्दिया' नावाची संस्था नांदत होती. लिस्बनला १४९८ साली राणी लिओनोरच्या पुढाकाराने या संस्थेची सुरुवात झाली आणि पोर्तुगीज जिथे जिथे गेले तिथे तिथे तिच्या शाखा गेल्या. मिझेरिकॉर्दिया म्हणजे दया. आणि आपण मराठीत सहज 'इस्पितळ' म्हणतो ना, तो शब्दही पोर्तुगीजांकडूनच आपल्याकडे आला.

या संस्थेचा पाया होता चर्चने सांगितलेली दयेची चौदा कामे. त्यातली सात शरीराची: भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, निराश्रिताला आसरा, आजाऱ्याची भेट, बंदिवानाची सुटका आणि मृताला मूठमाती. उरलेली सात आत्म्याची. इथे बसलेल्या अनेकांनी ही यादी लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केली असेल.

हे थोर काम होते यात शंका नाही. पण तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने एक प्रश्न विचारायलाच हवा. ही यादी कुणाच्या बाजूने लिहिली आहे? ती देणाऱ्याच्या बाजूने आहे. मी अन्न देतो, मी पाणी पाजतो, मी भेटीला जातो. पुण्य देणाऱ्याचे. आणि दया ही इच्छेची बाब असते. आज आली, उद्या नाही आली. आज दया आली नाही म्हणून घेणाऱ्याला तक्रार करता येत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

दिवा धरलेली बाई आणि तिची वही

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हातात दिवा घेतलेली बाई येते. १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात ती ३८ स्त्रियांची तुकडी घेऊन स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात गेली. पण आम्हाला विचाराल तर दिव्यापेक्षा तिच्या दुसऱ्या हातातली वही महत्त्वाची. किती सैनिक मेले, कशाने मेले, जखमेने की घाणीने, हे तिने मोजले. परत गेल्यावर आकृत्या काढून सरकारपुढे मांडले. १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात तिच्या नावाची परिचारिकांची शाळा सुरू झाली.

तिने परिचर्येवर जे छोटे पुस्तक लिहिले, त्यातले दोन विचार आजच्या विषयाचा पाया आहेत. पहिला असा, की रुग्ण गारठला, त्याला बेडसोर झाला, तर तो दोष बहुतेक वेळा आजाराचा नसतो, परिचर्येचा असतो. किती कडक बोल आहे बघा! 'आजारच तसा होता हो' ही पळवाट तिने बंद केली. दुसरा विचार असा, की तुम्ही हजर असताना जे होते, ते तुम्ही हजर नसतानाही होईल, अशी तजवीज करणे हेच खरे व्यवस्थापन. म्हणजे मी प्रेमळ आहे, मी रात्रभर जागते, एवढ्याने भागत नाही. मी घरी गेल्यावर काय? ड्यूटी संपताना चार्ज देणे, केसपेपरवर लिहून ठेवणे, पुढच्या सिस्टरला पलंगापाशी नेऊन सांगणे, हे आज कंटाळवाणे सोपस्कार वाटतात. त्यांचा जन्म या विचारातून झाला आहे. दयेला सातत्य देण्याची ती युक्ती आहे.

महाराष्ट्रात प्रश्न होता स्पर्शाचा

हा विचार आपल्याकडे आला तेव्हा त्याच्यापुढे एक निराळी भिंत उभी होती. इंग्लंडात प्रश्न होता, की चांगल्या घरातली मुलगी हे काम करील का? आपल्याकडे त्याआधीचा प्रश्न होता, की कोण कुणाला शिवणार? परक्याचे अंग पुसायचे, मळमूत्र काढायचे, बाळंतिणीचे रक्त धुवायचे. आपल्या समाजाने हे काम जातींत वाटून टाकले होते आणि ते करणाऱ्यांना विटाळाचे ठरवले होते. ज्याच्याशिवाय कुणी जगूच शकत नाही, ते काम सगळ्यांत हलके!

म्हणून १८९७ सालातली सावित्रीबाई फुले यांची गोष्ट नुसती शौर्याची नाही, ती तत्त्वाची आहे. मुंबईत १८९६ च्या सप्टेंबरात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, आणि पुढच्या काही महिन्यांत तो पुण्यात पसरला. सावित्रीबाईंचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी पुण्याबाहेर माळावर दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तिथे आणले, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले आहे. त्यांना स्वतःला प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्यांच्यापाशी शाळेचे सर्टिफिकेट नव्हते. पण परिचर्येचे पहिले तत्त्व त्या माळावर सिद्ध झाले: आजारी देहाला जात नसते.

याच काळात मुंबईच्या हॉस्पिटलांत शिक्षण सुरू झाले होते. परिचर्येच्या इतिहासाच्या पुस्तकांत १८९१ साली जे.जे. रुग्णालयात शिकायला आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचे नाव पहिली भारतीय विद्यार्थिनी म्हणून येते. पुण्यात १९०९ साली सेवासदन उभे राहिले. रमाबाई रानडे यांच्या मार्गदर्शनाखाली तिथल्या स्त्रिया, त्यांत कितीतरी विधवा, ससून रुग्णालयात नर्सिंग शिकू लागल्या. ज्या बाईला घरात शुभकार्याला पुढे येऊ देत नव्हते, तिच्या हातात नव्या जिवाचा पहिला श्वास सोपवला गेला. हा बदल छोटा नाही. मिरजेला डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिशन हॉस्पिटल उघडले. अशा मिशन हॉस्पिटलांतून तयार झालेल्या ख्रिस्ती मुलींनी पुढची कित्येक दशके या देशाची परिचर्या आपल्या खांद्यावर पेलली. इतरांच्या घरी 'असले काम नको' म्हणत होते, तेव्हा या मुली बेडपॅन उचलत होत्या. हे ऋण आपण कधी मोकळेपणाने मान्य केलेले नाही. गिरीजमध्ये ते बोलून दाखवायला आम्हाला विशेष बरे वाटते.

तरी संख्या किती तोकडी होती पाहा. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, भोर समितीचा अहवाल आला. त्या वेळी देशात डॉक्टर होते सुमारे ४७,५००, आणि नर्स सुमारे ७,०००. म्हणजे ४३,००० माणसांमागे एक नर्स! डॉक्टरांपेक्षा नर्स जास्त हव्यात हे साधे गणित. आपल्याकडे ते उलटे होते, कारण स्पर्शाची भिंत अजून पुरती पडली नव्हती. १९४७ साली भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला आणि शिक्षण व नोंदणीला देशभर एक चौकट मिळाली.

दुसरी चौदा

आता एक योगायोग सांगतो. १९६० साली आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने व्हर्जिनिया हेंडरसन या अमेरिकन परिचारिकेकडून परिचर्येच्या मूलतत्त्वांवर एक पुस्तिका लिहून घेतली. तिनेही यादी केली, आणि तिच्याही यादीत बाबी निघाल्या चौदा. श्वास घेणे, खाणेपिणे, मलमूत्र विसर्जन, हालचाल, झोप, कपडे, शरीराचे तापमान, स्वच्छता, धोक्यापासून बचाव, मनातले बोलणे, आपल्या श्रद्धेप्रमाणे उपासना, काम, करमणूक आणि शिकणे.

दोन्ही याद्या शेजारी ठेवा. वसईच्या किल्ल्यातली यादी देणाऱ्याची होती, ही यादी घेणाऱ्याची आहे. 'मी पाणी पाजतो' असे यात नाही. 'या माणसाला पाणी प्यायचे आहे आणि आज त्याला ते जमत नाही' असे आहे. हेंडरसन म्हणते, अंगात बळ, मनात इच्छा आणि पुरेशी माहिती असती तर जे या माणसाने स्वतःच केले असते, ते करायला त्याला मदत करणे म्हणजे परिचर्या. तेही असे, की लवकरात लवकर त्याला आपली गरज उरू नये. आणि बरे होणे शक्यच नसेल, तर शांत मरणासाठी मदत करणे. दया घेणारा माणूस खाली असतो, देणारा वर असतो. इथे दोघे एका पातळीवर आले. आमच्या मते 'सेवा' आणि 'परिचर्या' यांतला फरक इथे आहे.

१९७३ ते २०१५

आता त्या नोंदीकडे वळू. परळचे के.ई.एम. हॉस्पिटल १९२६ साली सुरू झाले, आणि तिथे भारतीयांचीच नेमणूक करायची हा त्यामागचा निर्धार होता. या हॉस्पिटलात अरुणा शानबाग ही पंचविशीतली नर्स काम करत होती. २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी हॉस्पिटलातल्याच एका सफाई कामगाराने तिच्यावर अत्याचार केला. गळा कुत्र्याच्या साखळीने आवळल्यामुळे मेंदूचा प्राणवायू तुटला. अरुणा पुन्हा कधी शुद्धीवर आली नाही. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने तिचे निधन झाले. साडेएकेचाळीस वर्षे ती त्याच हॉस्पिटलात, वॉर्ड नंबर चारलगतच्या खोलीत होती.

तिची काळजी घेतली नर्सेसनी. ज्या तिच्या बरोबरीच्या होत्या त्या निवृत्त झाल्या. ज्या नव्या आल्या, त्यांतल्या कितीतरी जणींचा १९७३ साली जन्मही झालेला नव्हता. त्यांच्यासाठी ती ओळखीची मैत्रीण नव्हती. तरी चार्ज देताना अरुणाचा चार्ज दिला जात राहिला. दर दोन तासांनी कूस बदलायची हा नियम धरला, तर साडेएकेचाळीस वर्षांत ते काम १,८०,००० पेक्षा जास्त वेळा होते. ७ मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आवर्जून लिहिले, की इतक्या वर्षांत तिला एकही बेडसोर झालेला नाही. हीच ती न झालेली जखम. नाइटिंगेलने जी कसोटी सांगितली होती, ती परळच्या एका खोलीत चार दशके रोज उत्तीर्ण होत होती.

याच गोष्टीचे आणखी दोन पदर आहेत, ते आपण सोयीस्करपणे विसरतो. हल्ल्यानंतर मुंबईतल्या नर्सेसनी संप केला. अरुणासाठी न्याय्य वागणूक मागितली आणि स्वतःसाठी सुरक्षितता. पुढे १९८०च्या दशकात अरुणाला हॉस्पिटलातून हलवून खाट मोकळी करण्याचा प्रयत्न महापालिकेने केला, तेव्हा नर्सेस आडव्या उभ्या राहिल्या आणि तो बेत सोडून द्यावा लागला. कूस बदलणारे हात आणि संपात वर झालेले हात एकच होते. जो रुग्ण स्वतः बोलू शकत नाही, त्याच्या बाजूने बोलणे हेही परिचर्येचे मूलतत्त्व आहे. आंतरराष्ट्रीय परिषदेच्या १९५३ च्या आचारसंहितेत डॉक्टरांच्या आज्ञा निष्ठेने पाळण्यावर भर होता. १९७३ साली ती बदलली, आणि परिचारिकेची पहिली जबाबदारी रुग्णाशी, हे वाक्य पुढे आले. सालाचा योग बघा!

पण तत्त्वज्ञानाने अवघड प्रश्न टाळू नये. पिंकी विराणी यांनी न्यायालयात मागणी केली होती, की अरुणाला नळीवाटे किंवा मुखाने दिले जाणारे अन्न थांबवून तिला शांतपणे जाऊ द्यावे. त्यांच्या मनातही करुणाच होती. नर्सेस म्हणाल्या, आम्ही तिला सांभाळू. न्यायालयाने तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार हॉस्पिटलच्या कर्मचाऱ्यांना दिला आणि मागणी फेटाळली. मात्र त्याच निकालाने, असह्य अवस्थेतल्या रुग्णाचे कृत्रिम उपचार ठरावीक पद्धतीने थांबवण्याचा मार्ग मोकळा केला.

मग अरुणाला स्वतःला काय हवे होते? हे कुणालाच विचारता येत नव्हते. जो वर्षानुवर्षे काळजी घेतो, त्याचे म्हणणे आधी ऐकावे, हे आम्हाला पटते. पण काळजी घेतली म्हणून मालकी येत नाही. आईचीसुद्धा येत नाही. शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा असेल, तर ज्याचा आवाज गेला आहे त्याचे आपण काय ऐकणार? त्याने आवाज असताना सांगून ठेवले असेल तेवढेच. ९ मार्च २०१८ रोजी घटनापीठाने अशी इच्छा आधीच लेखी ठेवण्याला मान्यता दिली. घराचे, वाडीचे मृत्युपत्र आपण करतो. शेवटच्या दिवसांत आपल्यावर काय करावे आणि काय करू नये, हे आपल्या माणसांशी बोलायला मात्र जीभ रेटत नाही. ते बोलायला हवे. नाहीतर ते ओझे आपण एखाद्या रात्रपाळीच्या सिस्टरच्या डोक्यावर ठेवून जातो.

तत्त्व आणि गणित

आतापर्यंतच्या इतिहासातून जी तत्त्वे निघाली ती एकत्र करू. बघणे आणि लिहून ठेवणे. आपल्यामागे काम चालू राहील अशी सोय करणे. कुठल्याही देहाला समान स्पर्श. रुग्ण जे स्वतः करू शकेल ते त्याला करू देणे. त्याच्या बाजूने बोलणे. आणि त्याची इच्छा ही शेवटी त्याचीच आहे हे मानणे.

यातले एकही तत्त्व नुसत्या चांगुलपणावर उभे राहत नाही. साधा हिशेब करू. एका रुग्णाची कूस नीट बदलायला, चादर सारखी करायला, पाठ बघायला पाच मिनिटे धरा. दोन तासांत १२० मिनिटे. म्हणजे एक नर्स दुसरे काहीही न करता, औषध न देता, फोन न उचलता, पाणी न पिता, २४ रुग्णांची कूस बदलू शकते. पंचविसाव्याला जखम होणारच. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष साध्या रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक नर्स असा आहे. वॉर्डात गेल्यावर आपण मोजून बघावे. एका सिस्टरकडे चाळीस खाटा असतील, तर त्या वॉर्डात नीतीचा प्रश्न तिचा उरत नाही, तो आपला होतो.

आणि इथेच 'सेवा' हा आपला लाडका शब्द जपून वापरायला हवा. १२ मे आला की आपण गुलाबाचे फूल देतो, 'सेवेची मूर्ती' म्हणतो. त्याच बाईने पगार वाढवून मागितला, रात्री घरी जायला गाडी मागितली, माणसे वाढवा म्हणाली, की आपण म्हणतो, 'सेवेचे काम आहे, त्यात हिशेब कसला?' दयेला हिशेब नसतो, हे खरे. पण परिचर्या ही दया नाही. ते ज्ञान आहे, कौशल्य आहे, जबाबदारी आहे, आणि रुग्णाचा त्यावर हक्क आहे. ज्या कामावर रुग्णाचा हक्क असतो, ते करणारीचाही हक्क असतो. सावित्रीबाई संसर्गाने गेल्या आणि अरुणा कामाच्या जागी उद्ध्वस्त झाली. या दोघींना नमस्कार करायचा आणि आजच्या सिस्टरला हातमोजे, सोबत आणि विश्रांती नाकारायची, हे आदराचे लक्षण नव्हे.

पुढच्या वेळी आपले माणूस हॉस्पिटलातून धडधाकट घरी येईल, तेव्हा डॉक्टरांचे आभार जरूर माना. मग त्याच्या पाठीवरून एकदा हात फिरवा. कातडी शाबूत असेल, तर ते आपोआप झालेले नाही. तिन्ही पाळ्यांतल्या कुणीतरी, एकमेकींना सांगून, लिहून, लक्ष ठेवून ते राखले आहे.

एवढे बोलून आम्ही थांबतो. समोर बसलेल्या सिस्टरांना प्रश्न विचारायचे असतील, किंवा आमचे काही दुरुस्त करायचे असेल, तर आधी त्यांना माईक द्यावा ही अध्यक्षांना विनंती.